क्लास देणाऱ्यानेच ‘इन्स्पेक्ट’ही दिलं: ओले-योहान डाल

ओओपी शिकताना आपण सगळेच क्लास लिहितो. पण ही कल्पना ज्यांनी प्रत्यक्षात आणली, त्या ओले-योहान डाल यांचं नाव फार कमी जणांना माहीत असतं.

डाल यांचा जन्म १९३१ चा, नॉर्वेतल्या मांडालचा. १९५२ मध्ये ते तिथल्या संरक्षण संशोधन संस्थेत गेले. तिथेच क्रिस्टेन न्यूगोर्ड यांची साथ मिळाली. पुढे ऑस्लोच्या नॉर्वेजियन कम्प्युटिंग सेंटरमध्ये दोघांनी सिम्युला ही भाषा बनवली. रांगा, वाहतूक, कारखाने यांची नक्कल कम्प्युटरवर करायची, हा हेतू. कम्पायलरची बाजू मुख्यतः डाल यांची. १९६७ च्या सिम्युला ६७ मध्ये क्लास, इनहेरिटन्स आणि व्हर्च्युअल मेथड आल्या.

मला मात्र त्यातलं ‘इन्स्पेक्ट’ जास्त आवडतं. समजा, टोल नाक्यावर गाडी आली. ती ट्रक असेल तरच माल बघायचा. इन्स्पेक्टमध्ये ‘व्हेन ट्रक’ लिहिलं, की त्या भागात ट्रकच्या प्रॉपर्टी थेट नावाने वापरता येतात. काहीच जुळलं नाही किंवा ऑब्जेक्टच नसेल, तर ‘अदरवाइज’. आत आणखी एक इन्स्पेक्ट लावून ट्रकचा मालक कंपनी आहे का, हेही बघता येतं.

हे फक्त प्रकार तपासायचं. व्हॅल्यूसाठी वेगळा इफ लागायचा. सी शार्प ८ (२०१९) आणि डार्ट ३ (२०२३) मध्ये दोन्ही एकाच पॅटर्नमध्ये बसतं: ऑर्डरचा ग्राहक, त्याचा पत्ता, पत्त्यातलं शहर पुणे. मधलं काही नल असेल तर पॅटर्न जुळत नाही, एवढंच. ॲप क्रॅश होत नाही.

ऑब्जेक्टला प्रकार विचारणं म्हणजे ओओपी मोडणं, असं बरेच जण म्हणतात. पण सिम्युलात दोन्ही वाटा होत्याच. माझा हिशोब सोपा आहे: नवे प्रकार वाढणार असतील तर व्हर्च्युअल मेथड, प्रकार ठरलेले आणि कामं वाढणार असतील तर पॅटर्न मॅचिंग.

डाल १९६८ मध्ये ऑस्लो विद्यापीठात प्राध्यापक झाले. पियानो आणि चेंबर म्युझिक हा त्यांचा जुना छंद. २००१ चा ट्युरिंग पुरस्कार दोघांना मिळून मिळाला. २९ जून २००२ ला डाल गेले आणि सहा आठवड्यांनी न्यूगोर्डही. पॅटर्न मॅचिंगला आज आपण नवं फीचर म्हणतो, पण त्याचं एक मूळ त्यांच्या पहिल्या क्लासशेजारीच होतं.