एकवीस वर्षांत केवढं जगल्या!

मैत्रिणींनो, ‘होईल बरं’ म्हणत आपण दुखणं अंगावर काढतो ना? मग डॉ. आनंदीबाई जोशींना आठवा.

१८६५ साली जन्मलेली ही कल्याणची यमू. नवव्या वर्षी लग्न झालं, चौदाव्या वर्षी बाळ झालं अन् दहा दिवसांतच गेलं. बायकांसाठी बाईच डॉक्टर हवी, हे तिनं तेव्हा मनाशी पक्कं केलं. तब्येत तोळामासा, तरी १८८३ मध्ये अठरा वर्षांची ही मुलगी बोटीनं अमेरिकेला निघाली. फिलाडेल्फियाची कडाक्याची थंडी, जेवणाचे हाल, सततचं आजारपण. पण १८८६ मध्ये आनंदीबाई डॉक्टर झाल्याच! कोल्हापूरच्या इस्पितळात नेमणूकही झाली होती. पण क्षयानं त्यांना गाठलं. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्या गेल्या, तेव्हा बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती.

क्षयावर तेव्हा औषध नव्हतं. आज सरकारी दवाखान्यात ते फुकट मिळतं. दोन आठवडे खोकला हटला नाही, तर तपासून घ्याच. आणि ठणठणीत असाल, तर राहून गेलेलं शिक्षण, पेटीचा क्लास, काहीही असो, उद्यावर ढकलू नका. आनंदीबाईंना न मिळालेली तब्येत आपल्याला मिळालीय!