सुटलेले शिक्षण पुन्हा हाती घेताना : विद्यार्थी बाबासाहेब

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पदव्यांची यादी आपल्या विहारांच्या, शाळांच्या आणि घरांच्या भिंतींवर आहे. १४ एप्रिलला ती नव्या रंगाने फलकावर लिहिली जाते आणि दरवर्षी तिच्यातील आकडा थोडा वाढलेला आढळतो. इतिहासाचे शिक्षक म्हणून आम्हास या वाढत्या आकड्याची धास्ती वाटते. आकडा फुगला की त्यामागची वर्षे झाकली जातात. कोणती पदवी कोणत्या वयात मिळाली, मध्ये अभ्यास किती वेळा थांबला, तो पुन्हा सुरू करण्यासाठी कोणाकडून पैसे आणावे लागले, हे सांगितले नाही तर वसतिगृहातील मुलाला वाटते की हा पुरुष जन्मतःच सर्व काही घेऊन आला होता. रविवारी मुलांना भेटावयास येणारे आईबाप, ज्यांची स्वतःची शाळा सातवी-आठवीत सुटली, ते त्या यादीपुढे हात जोडतात खरे. परंतु तिच्यात आपल्यासाठी काही असेल, असे त्यांच्या मनात येत नाही. हा लेख आम्ही त्या आईबापांना समोर ठेवून लिहीत आहोत.

बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. वडील सुभेदार रामजी हे लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. भीमराव १९०७ साली मॅट्रिक झाले. त्याच्या आदल्या वर्षीच रमाईंशी त्यांचा विवाह झाला होता. १९१२ साली ते एल्फिन्स्टन महाविद्यालयातून बी. ए. झाले. पुढच्या फेब्रुवारीत वडील गेले. म्हणजे न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात १९१३ च्या जुलैमध्ये जो विद्यार्थी दाखल झाला, तो बावीस वर्षांचा, पितृछत्र हरपलेला आणि एका मुलाचा बाप होता. महाराजा सयाजीराव गायकवाडांनी दिलेली दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांची होती आणि त्या बदल्यात बडोदे संस्थानची दहा वर्षे सेवा करावयाची होती.

कोलंबियात १९१५ साली ते एम. ए. झाले. त्यानंतरचा प्रबंधही त्यांनी लिहिला, परंतु तो छापून त्याच्या प्रती सादर केल्यावाचून डॉक्टरेट मिळत नसे आणि छपाईला पैसे नव्हते. १९१६ साली ते लंडनला गेले, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये आणि बॅरिस्टरीसाठी ग्रेज इनमध्ये त्यांनी नाव घातले. वर्ष पुरे होते न होते तोच शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि बडोद्याहून बोलावणे आले. लंडन विद्यापीठाने चार वर्षांच्या आत परत येण्याची मुभा दिली, एवढीच शिदोरी घेऊन ते निघाले. दुसऱ्या जहाजाने पाठविलेल्या त्यांच्या पुस्तकांना तर महायुद्धातील टॉर्पेडोने समुद्रतळ दाखविला.

पुढील तीन वर्षे पदव्यांच्या यादीत कोठेच दिसत नाहीत. बडोद्यात एम. ए. झालेल्या या अधिकाऱ्याला राहण्यास खोली मिळाली नाही. पारशी पथिकाश्रमातून लाठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. मुंबईस परतून त्यांनी शिकवण्या केल्या. शेअरबाजारातील गुंतवणुकीविषयी सल्ला देण्याचा व्यवसाय काढला, तोही जात कळताच गिऱ्हाईक तुटल्याने बंद पडला. १९१८ च्या नोव्हेंबरमध्ये सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्राची प्राध्यापकी मिळाली. त्या पगारातून ते परतीच्या प्रवासासाठी पैसा शिल्लक टाकीत होते. दरम्यान साउथबरो समितीपुढे साक्ष झाली, १९२० च्या जानेवारीत मूकनायक निघाले, मार्चमध्ये माणगावची परिषद झाली. चांगली नोकरी, संसार, नुकतेच सुरू झालेले पत्र आणि पाठीशी उभा राहू लागलेला समाज, एवढे सर्व असताना बाबासाहेबांनी त्याच मार्चमध्ये नोकरीचा राजीनामा दिला आणि जुलैत ते लंडनला विद्यार्थी म्हणून परतले. साठवलेले पैसे, छत्रपती शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या मित्राकडून कर्जाऊ घेतलेले पाच हजार रुपये, अशी ती जमवाजमव होती. वय एकोणतीस.

१९२१ साली एम. एस्सी. झाली, पुढे बॅरिस्टरी पूर्ण झाली. १९२२ च्या ऑक्टोबरमध्ये रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध त्यांनी डी. एस्सी. पदवीसाठी सादर केला आणि परीक्षकांनी तो सुधारून आणण्यास सांगितले. ब्रिटिश चलननीतीवरील टीका झोंबली, असे चरित्रकार सांगतात. हातात पैसा नव्हता, लंडनमध्ये थांबणे शक्य नव्हते. १९२३ च्या एप्रिलमध्ये ते मुंबईस आले, वकिलीच्या आरंभीच्या ओढगस्तीतच प्रबंधाची फेरमांडणी केली, ऑगस्टमध्ये तो पुन्हा पाठविला. नोव्हेंबरमध्ये डी. एस्सी. मिळाली तेव्हा ते बत्तीस वर्षांचे होते. परत आलेला प्रबंध पुन्हा लिहून काढणारा हा विद्यार्थी आम्हास आमच्या वर्गात वर्षानुवर्षे सांगावासा वाटला आहे. दहावीत एका विषयात राहिलेल्या मुलाला तो लवकर समजतो.

कोलंबियाची डॉक्टरेट याहूनही उशिरा आली. प्रांतिक अर्थव्यवस्थेवरील तो जुना प्रबंध १९२५ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला, त्यास त्यांचे गुरू प्राध्यापक सेलिग्मन यांची प्रस्तावना होती आणि बाबासाहेबांनी तो सयाजीरावांना अर्पण केला होता. पदवी १९२७ च्या जूनमध्ये मिळाली. तेच वर्ष महाडचे. मार्चमध्ये चवदार तळ्याचे पाणी आणि डिसेंबरमध्ये मनुस्मृतीचे दहन, या दोन घटनांच्या मध्ये, प्रथम वर्गात बसल्यापासून चौदा वर्षांनी ते कोलंबियाचे डॉक्टर झाले.

या अभ्यासाची किंमत केवळ त्यांनी मोजली नाही. मुंबईच्या चाळीत रमाईंनी परदेशातील पतीचा अभ्यास चालू राहावा म्हणून जो संसार ओढला, तो कोणत्याही विद्यापीठाच्या दप्तरात नोंदलेला नाही. पाच अपत्यांपैकी चार दगावली. शेवटचा राजरत्न १९२६ साली गेला. रमाई २७ मे १९३५ रोजी निवर्तल्या. पदव्यांच्या फलकाशेजारी त्यांचे छायाचित्र आम्ही लावतो, ते आदरापोटी. हिशेबाच्या दृष्टीनेही ते तेथेच असावयास हवे.

ज्याचे शिक्षण पैशाअभावी तुटले होते, त्याने पुढे संस्था कशा उभारल्या, हे पाहण्यासारखे आहे. १९२४ साली स्थापन झालेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेच्या उद्दिष्टांत मुलांच्या वसतिगृहांबरोबर वाचनालये आणि अभ्यासवर्गही होते. त्याच वर्षी मुंबई विद्यापीठाच्या सुधारणा समितीला दिलेल्या लेखी उत्तरांत त्यांनी अध्यापन आणि संशोधन यांची फारकत करण्यास विरोध केला. १९४५ च्या जुलैमध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि २० जून १९४६ रोजी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले. त्याचे वर्ग सकाळी भरत. यामागे साधा हिशेब होता. दलित, कष्टकरी घरातील तरुण मॅट्रिक होताच नोकरीस लागे, कारण घर त्याच्यावर अवलंबून असे. दुपारचे महाविद्यालय त्याच्या उपयोगाचे नव्हते. सकाळी तासांना बसावे आणि तेथूनच कचेरी गाठावी, अशी सोय झाल्यावर पदवी आणि पगार यांतून एक निवडण्याची सक्ती उरली नाही. विद्यार्थ्याने विद्यापीठाच्या वेळापत्रकाशी जुळवून घ्यावे ही रीत येथे उलटी झाली. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८५५ साली कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली होती, तिचीच ही पुढची इयत्ता होय.

औरंगाबादच्या महाविद्यालयास त्यांनी मिलिंदाचे नाव दिले. धम्मसाहित्यातील मिलिंद हा राज्य करणारा, वादात निष्णात असा प्रौढ पुरुष होता आणि भिक्खू नागसेनापुढे बसून तो प्रश्न विचारीत राहिला. महाविद्यालयास उत्तर देणाऱ्याचे नाव न देता प्रश्न विचारणाऱ्याचे नाव दिले गेले, याकडे आम्ही विद्यार्थ्यांचे लक्ष मुद्दाम वेधतो.

आज हैदराबाद आणि अहमदाबाद येथील मुक्त विद्यापीठे बाबासाहेबांच्या नावाने चालतात. आपल्याकडे नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे. १७ नंबरचा फॉर्म भरून दहावीस बाहेरून बसणाऱ्या माता आम्ही पाहिल्या आहेत. परीक्षा केंद्रावर आपल्याच मुलाच्या वयाच्या पोरांमध्ये बसावयास त्यांना संकोच होतो. त्यांना आम्ही बाबासाहेबांची यादी दाखवीत नाही, तारखा सांगतो.

स्वतः बाबासाहेबांचे शिकणे शेवटपर्यंत चालू होते. शाळेत संस्कृत घेण्यास अस्पृश्य म्हणून मज्जाव झाल्याने त्यांना फारसी घ्यावी लागली; संस्कृत त्यांनी पुढे स्वतःच्या कष्टाने मिळविली. बुद्धवचनाच्या मुळाशी जाण्यासाठी ते पालीकडे वळले आणि केवळ वाचून थांबले नाहीत. त्यांनी सिद्ध केलेला पाली शब्दकोश आणि व्याकरण महाराष्ट्र शासनाच्या ग्रंथमालेच्या सोळाव्या खंडात छापलेले आहे. उतारवयात व्हायोलिन शिकण्याचाही त्यांनी प्रयत्न केला. पन्नाशी उलटलेला, अर्ध्या देशाच्या कारभारात गुंतलेला माणूस नवशिक्यासारखा गज धरून बसला आहे, हे चित्र कोणत्याही जयंतीच्या फलकावर आम्ही पाहिलेले नाही. असावयास हवे होते.

मधुमेहाने शरीर खंगले असताना बुद्ध आणि त्याचा धम्म या ग्रंथाचे काम चालू होते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे त्यांनी धम्मदीक्षा घेतली आणि लाखो अनुयायांना दिली. ५ डिसेंबरच्या रात्री, दिल्लीच्या निवासस्थानी, त्यांनी ग्रंथाच्या प्रस्तावनेचे टंकलिखित कागद पुन्हा एकदा तपासण्यासाठी मागवून घेतले. ६ डिसेंबरची सकाळ त्यांनी पाहिली नाही. ग्रंथ १९५७ साली मुंबईत प्रसिद्ध झाला. प्रकाशक होते सकाळच्या वर्गांचे तेच सिद्धार्थ महाविद्यालय.