पाणी, वीज आणि बाबासाहेब

राजगृह, परळच्या पोयबावडीची बी. आय. टी. चाळ आणि चैत्यभूमी ही आपली श्रद्धास्थाने. तिथे नतमस्तक होणारा प्रत्येक जण बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना घटनेचे शिल्पकार म्हणून, धम्मदाते म्हणून वंदन करतो. पण या देशातल्या मोठ्या धरणांचा आणि जलविद्युत केंद्रांचा पाया घालण्यात बाबासाहेबांचा केवढा हात होता, हे आपल्या पोराबाळांना शाळेत कुणी सांगतच नाही. म्हणून या स्मरणिकेत त्यांच्या जीवनातले तेच पान उघडतो.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे त्यांचा जन्म झाला. सुभेदार रामजींच्या या लेकराला साताऱ्याच्या शाळेत पाण्याच्या भांड्यालाही हात लावता येत नसे. वरून कुणी ओतेल तेव्हा प्यायचे, नाहीतर तहानलेले राहायचे. पुढे हे कुटुंब मुंबईत आले आणि परळच्या चाळीत राहिले. बाबासाहेब अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात शिकत होते, त्याच काळात, १९१५ साली, टाटांचे खोपोलीचे वीजकेंद्र सुरू झाले. सह्याद्रीत अडवलेल्या पाण्याच्या जोरावर मुंबईच्या गिरण्या चालू लागल्या. त्या गिरण्यांत आपला माणूस घाम गाळी, पण विणाई खात्यात त्याला घेत नसत. कांडीचा धागा तोंडाने ओढावा लागतो, म्हणून विटाळ! चांगला पगार मात्र त्याच खात्यात. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे रोखठोक मांडला होता.

त्या विजेची दुसरी बाजूही महाराष्ट्राने पाहिली. १९२१ साली मुळशीच्या मावळ्यांनी धरणाविरुद्ध सत्याग्रह केला. सेनापती बापट त्यात होते. तरी धरण झालेच, आणि १९२७ साली भिऱ्याचे वीजकेंद्र सुरू झाले. प्रकाश मुंबईला आणि पाण्याखाली गाव मावळातले, असा तो हिशेब.

त्याच १९२७ सालच्या २० मार्चला बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. ती कथा आपल्या घराघरांत आहे, इथे पुन्हा सांगत नाही. परळच्या दामोदर हॉलमधल्या बहिष्कृत हितकारिणी सभेच्या कचेरीतून त्यांचे काम चाले. आणि योगायोग असा, की पुढे त्यांच्या हाती जी नदी आली तिचे नावही दामोदरच!

जुलै १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. पाटबंधारे आणि वीज हे विषयही त्याच खात्यात. ज्याला गावच्या तळ्यावर जाऊ दिले नाही त्याच्या टेबलावर आता देशाच्या नद्यांचे नकाशे आले. ऑक्टोबर १९४३ मध्ये वीज धोरण समितीपुढे त्यांनी आपली भूमिका मांडली. वीज हवी, पण कशासाठी? दारिद्र्यातून बाहेर पडायचे तर उद्योगधंदे वाढले पाहिजेत, आणि त्यासाठी वीज भरपूर आणि स्वस्त असली पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते.

१९४३ च्या जुलैत दामोदर नदीला मोठा पूर आला. आता पेच असा, की पूर बंगालला बुडवायचा आणि धरणे बांधायची तर जमीन जायची बिहारची. दोन सरकारांना एकत्र बसवणे सोपे नव्हते. ३ जानेवारी १९४५ रोजी कलकत्त्याला बाबासाहेबांनी दोघांनाही समोर बसवले. नुसता बांध नको. पूर, शेतीचे पाणी, वीज आणि जलवाहतूक यांचा एकत्र विचार हवा, असे सांगितले. अमेरिकेतल्या टेनेसी खोऱ्याचा नमुना पुढे होता. पण मला त्या भाषणातली जास्त मोलाची वाटते ती शेवटची गोष्ट. खोऱ्यात राहणाऱ्या प्रत्येकाला, अगदी तळच्या माणसालाही, या प्रकल्पाच्या भरभराटीत वाटा मिळाला पाहिजे. त्याची आखणी वेळीच करणारी यंत्रणा लवकर उभी करा, असा त्यांनी आग्रह धरला. धरणग्रस्त हा शब्दही त्या काळी कानी पडत नव्हता!

त्याच वर्षी नोव्हेंबरात ते कटकला गेले. महानदीच्या पुराला कंटाळलेल्या ओरिसाला त्यांनी समजावले, की पाणी जास्त असणे हे संकट नव्हे, खरे हाल होतात ते पाण्यावाचून. तेव्हा पाणी घालवू नका, साठवा. हिराकूडचा मार्ग त्यातून मोकळा झाला. केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ आणि जलमार्ग व पाटबंधारे आयोग या संस्थाही त्यांच्याच कारकिर्दीतल्या. आयोगावर ए. एन. खोसला हे भारतीय इंजिनिअर आले. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी खाते सोडले. दामोदर खोरे महामंडळ उभे राहिले १९४८ साली, तेव्हा ते कायदामंत्री होते. आंतरराज्य नद्यांच्या तंट्याचे २६२ वे कलम संविधानात आहेच.

धरणे झाली. तिलैया १९५३, मैथन १९५७, हिराकूडही १९५७. पण वाट्याचे जे बाबासाहेब बोलले होते त्याचे काय झाले? ते पाहायला त्या वेळी ते नव्हते. ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे महापरिनिर्वाण झाले. आपल्याकडे कोयनेची वीज १९६२ पासून मिळू लागली, पण प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा महाराष्ट्रात व्हायला १९७६ उजाडले. सातबाऱ्यावर नाव असलेल्याचीच जिथे फरफट झाली, तिथे बलुत्यावर जगणाऱ्या भूमिहीनाला कोण विचारतो?

दामोदरवरच्या पंचेत धरणाचे उद्घाटन झाले १९५९ साली, आणि तारीख नेमकी ६ डिसेंबर. पंडित नेहरूंनी कळ दाबायचा मान धरणावर राबलेल्या एका पंधरा वर्षांच्या संथाळ मजूर मुलीला दिला. चांगलेच केले. पण तिने नेहरूंना हार घातला होता, म्हणून ती त्यांची बायको झाली असे जातपंचांनी ठरवले आणि तिला वाळीत टाकले. १९६२ मध्ये महामंडळातली तिची नोकरीही गेली. ती परत मिळायला वीसएक वर्षे जावी लागली. २०२३ साली ती वारली.