संत गोरा कुंभार

संत गोरा कुंभार (इ.स. १२६७ – इ.स. १३१७, परंपरेनुसार) हे वारकरी संप्रदायातील संतकवी होते. धाराशिव जिल्ह्यातील तेर हे त्यांचे गाव. ज्ञानेश्वर-नामदेवांच्या संतमेळ्यात ते वयाने वडील मानले जात. म्हणून त्यांना आदराने गोरोबाकाका म्हणतात.

गाव आणि व्यवसाय

तेरणा नदीकाठचे तेर म्हणजे प्राचीन तगर. पेरिप्लस या ग्रीक ग्रंथात त्याचा व्यापारी नगर म्हणून उल्लेख आहे. येथे सापडलेल्या सातवाहनकालीन मृण्मूर्ती गावातील रामलिंगप्पा लामतुरे वस्तुसंग्रहालयात आहेत. गोरोबांच्या कितीतरी शतके आधीपासून या गावात मातीला आकार दिला जात होता.

कुंभारकाम हा गोरोबांचा वडिलोपार्जित व्यवसाय. कुंभाराच्या घरी चाक सहसा पुरुष चालवतो. परंतु माती चाळणे, भांडी वाळवणे व रंगवणे यांत स्त्रियांचा वाटा मोठा असतो. संक्रांतीची सुगडी, नवरात्रातील घट अशी स्त्रियांच्या व्रतांना लागणारी भांडीही याच घरांतून जातात.

संतीचे दुःख

गोरोबांच्या चरित्रातील सर्वपरिचित आख्यायिका त्यांच्या संसाराशी निगडित आहे. पत्नी संती तान्ह्या मुलाला त्यांच्या स्वाधीन करून पाण्याला गेली. नामस्मरणात दंग होऊन माती तुडवताना ते मूल त्यांच्या पायांखाली आले. शोकाने संतापलेल्या संतीने विठ्ठलाला दोष दिला. गोरोबा तिला मारण्यास धावले, तेव्हा तिने विठ्ठलाची शपथ घालून स्पर्शास मनाई केली. गोरोबांनी ती शपथ कायम पाळली. वंश खुंटू नये म्हणून संतीने आपली बहीण रामी हिच्याशी त्यांचा विवाह लावला. दोघींना समान वागवण्याचे वचन सासऱ्याला दिल्याने रामीलाही तीच शपथ लागू झाली. झोपेत शपथ मोडली, तेव्हा त्यांनी स्वतःचे हात तोडले. कुंभाराचे हात गेल्याने घराचा चरितार्थही धोक्यात आला. पुढे नामदेवांच्या कीर्तनात गोरोबांना हात आणि संतीला मूल परत मिळाले, असे कथा सांगते.

कच्चे आणि पक्के

कुंभार ओलसर भांडे थापटण्याने ठोकून त्याला आकार देतो. भाजलेले भांडे वाजवून ते पक्के की कच्चे हे ओळखतो. मुक्ताबाईंच्या सांगण्यावरून गोरोबांनी संतांच्या डोक्यांवर थापटणे मारून पाहिले. इतर संत शांत राहिले. नामदेव मात्र रागावले आणि कच्चे ठरले. त्यानंतर नामदेवांनी विसोबा खेचरांना गुरू केले. कुंभाराच्या हत्यारालाच आत्मज्ञानाचे माप मानणारी ही कथा संतमेळ्यातील श्रमाच्या प्रतिष्ठेची साक्ष देते.

वारसा

गोरोबांचे मोजकेच अभंग उपलब्ध आहेत. त्यांत निर्गुणाचा अनुभव प्रकटतो. त्यांची समाधी तेर येथे असून चैत्र वद्य त्रयोदशी ही त्यांची पुण्यतिथी होय. अशोकजी परांजपे यांचे संगीत नाटक गोरा कुंभार आणि भक्त कुंबार (१९७४) हा कन्नड चित्रपट त्यांच्या जीवनावर आधारित आहेत.