गोदूताई आणि वेठीचा हिशेब

तरुणांना एक-दोन वर्षं सक्तीची राष्ट्रसेवा लावावी, लष्करी नाही तर निदान गावकामाची, अशी सूचना अधूनमधून निघते. शहरात ती शिस्तीची गोष्ट वाटते. डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर मात्र सक्तीच्या कामाला जुनं नाव आहे, वेठ. ती मोडायला पुढे झाल्या त्या गोदावरी परुळेकर.

गोदूताई मूळच्या पुण्याच्या गोखले, जन्म १९०७ चा. कायद्याची पदवी घेतली, स्वातंत्र्य चळवळीत तुरुंग पाहिला. पुढे भारत सेवक समाजाच्या पहिल्या महिला आजीव सदस्य झाल्या. म्हणजे सेवेचं व्रत त्यांनीही घेतलं होतं, पण आपखुशीने.

इथे काय चाललं होतं? वारली गडी लग्नासाठी सावकाराकडून पैसे घ्यायचा आणि त्या कर्जापायी बायकोसकट त्याच्या दारी राबायचा. यालाच लग्नगडी म्हणत. ऐन जवानी त्यात जायची. शिवाय जमीनदाराची वेठ निराळी, तिला मजुरी कसली! सावकाराच्या पोरावर ही पाळी कधी आली नाही.

जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला किसान सभेची परिषद झाली. तिथून वारली परतले ते लाल बावटा घेऊनच. २३ मे रोजी झरी गावात सभा भरली. ठरलं ते सरळ होतं : वेठ करायची नाही, रोज बारा आणे रोख मिळाल्याशिवाय जमीनदाराच्या शेतात पाय ठेवायचा नाही, मारहाण झाली तर उलट उभं राहायचं, एकी मोडायची नाही. त्याच साली १० ऑक्टोबरला, गोदूताईंच्या जिवाला धोका आहे अशी खोटी आवई उठली. हजारो वारली तलवाड्याला जमले. पोलिसांनी गोळीबार केला. पाच जण पडले. पण वेठ काही परत आली नाही.

राज्यघटनेच्या २३ व्या कलमाने वेठबिगार बंद केली. त्याच कलमात सार्वजनिक कामासाठी सरकारला सक्तीची सेवा लावायची मुभा आहे, मात्र धर्म, वंश, जात, वर्ग पाहून भेद करता येणार नाही. आमच्या मते सूचना करणाऱ्यांनी ही दुसरी ओळ आधी वाचावी.

गोदूताईंनी ही सगळी हकीकत ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहिली. त्याला १९७२ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. ८ ऑक्टोबर १९९६ रोजी त्या गेल्या. तलवाड्याच्या हुतात्म्यांच्या दिवसाला दोन दिवस बाकी होते.