क्लॅरेन्स डेमार

क्लॅरेन्स डेमार (७ जून, १८८८ - ११ जून, १९५८) हे अमेरिकेचे लांब पल्ल्याचे धावपटू होते. बोस्टन शहराची वार्षिक मॅरेथॉन शर्यत त्यांनी १९११, १९२२, १९२३, १९२४, १९२७, १९२८ आणि १९३० अशी सात वेळा जिंकली. या शर्यतीच्या पुरुषांच्या धावगटात इतके विजय आजवर दुसऱ्या कोणालाही मिळालेले नाहीत. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमधील मॅरेथॉनमध्ये त्यांना कांस्यपदक मिळाले. व्यवसायाने ते छापखान्यातील जुळारी होते. त्यांचे हृदय सदोष असल्याचे निदान तरुणपणीच झाले होते आणि धावणे सोडण्याचा सल्लाही मिळाला होता. तरीही ते जवळजवळ पन्नास वर्षे धावत राहिले, आणि मृत्यूनंतर त्यांच्या हृदयाची तपासणी वैद्यकशास्त्राच्या अभ्यासाचा विषय ठरली.

बालपण आणि शिक्षण

डेमार यांचा जन्म ओहायो राज्यातील सिनसिनाटी शहराजवळच्या मडीरा या गावी झाला. ते आठ वर्षांचे असताना वडिलांचे निधन झाले. घरच्या गरिबीमुळे सुया, टाचण्या, दोरा असा किरकोळ माल घेऊन लहानगा क्लॅरेन्स गावोगाव पायी फिरून विकत असे. पुढे आई मुलांना घेऊन मॅसॅच्युसेट्स राज्यातील वॉरविक येथे आली. तेथेही संसाराचा भार पेलेना, तेव्हा तिने क्लॅरेन्सला बोस्टनच्या बंदरातील थॉम्प्सन बेटावरच्या निवासी शाळेत ठेवले. अनाथ आणि गरीब मुलांसाठी चालविलेल्या या शाळेत अभ्यासाबरोबर शेतीकाम व हातचे उद्योग शिकविले जात. चारी बाजूंनी पाणी असलेल्या त्या बेटावरील शिस्त डेमार यांना कधीच रुचली नाही. कोणी आपल्याला हाकावे हे त्यांच्या स्वभावातच बसत नव्हते, आणि पुढे क्रीडाशिक्षकांशी त्यांचे जे खटके उडाले त्यांचे मूळ येथेच असावे.

सोळाव्या वर्षी शाळा सोडून ते व्हरमाँट राज्यात एका फळबागेवर कामाला लागले. त्यानंतर व्हरमाँट विद्यापीठात त्यांनी प्रवेश घेतला. विद्यापीठाच्या शेतावर राबून शिक्षणाचा खर्च भागवायचा, वर्ग आणि शेत यांमधील अंतर पळत कापायचे, असा त्यांचा दिनक्रम होता. आपल्याला दमछाक न होता दीर्घ काळ पळता येते, हे त्यांना याच काळात उमगले. पण आईला आधार देण्यासाठी विद्यापीठ अर्धवट सोडून त्यांना बोस्टनला यावे लागले. तेथे ते छापखान्यात खिळे जुळविण्याचे काम करू लागले. शिक्षणाची ओढ मात्र सुटली नाही. नोकरी सांभाळून त्यांनी हार्वर्ड विद्यापीठाच्या बाह्य अभ्यासक्रमातून पदवी घेतली आणि बऱ्याच वर्षांनी बोस्टन विद्यापीठाची पदव्युत्तर पदवीही मिळविली.

बोस्टनची शर्यत

बोस्टन मॅरेथॉन १८९७ मध्ये सुरू झाली. दरवर्षी होणाऱ्या मॅरेथॉन शर्यतींपैकी ही जगातील सर्वांत जुनी होय. पहिल्या वर्षी केवळ १५ जण धावले होते. ही शर्यत एप्रिल महिन्यातील देशभक्त दिन या स्थानिक सुट्टीच्या दिवशी होत असल्याने रस्त्याच्या दुतर्फा लोकांची दाटी होई. १९२३ पर्यंत ती अ‍ॅशलंड येथून सुरू होत असे आणि तिची लांबी सुमारे २४.५ मैल, म्हणजे ३९ किलोमीटरच्या आसपास होती. ऑलिंपिकच्या अंतराशी मेळ बसावा म्हणून १९२४ पासून आरंभस्थान हॉपकिंटन येथे नेण्यात आले. फ्रेमिंगहॅम, नेटिक, वेल्सली ही गावे ओलांडून धावपटू न्यूटनच्या टेकड्यांवर येतात. तोवर बहुतेक बळ खर्ची पडलेले असते आणि चढ तेथेच लागतात.

आजच्या धावपटूला त्या काळच्या शर्यतीची कल्पना करणे कठीण आहे. रस्ते धुळीचे होते. धावपटूंच्या सोबत सायकलस्वार आणि मोटारी चालत, त्यांचा धूर व धूळ धावणाऱ्यांच्या छातीत जाई. पातळ तळाचे बूट मैलामैलाला पाय सोलून काढीत. विजेत्याला पदक आणि पानांचा मुकुट मिळे, पैसा मिळत नसे. हौशी खेळाडूने पैसा घेऊ नये हा नियमच होता. त्यामुळे धावणारे बहुतेक लोक गवंडी, नळकारागीर, गिरणी कामगार, टपाल्या अशा कष्टकरी वर्गातील असत. ते आठवडाभर काम करीत, सुट्टीच्या दिवशी शर्यत धावत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कामावर हजर होत. डेमार यांचे आयुष्य याच रीतीने गेले.

सरावासाठी वेगळा वेळ काढणे त्यांना शक्य नव्हते. म्हणून घर ते छापखाना हे अंतर ते जाता-येता पळत कापीत. कोरडा सदरा बरोबर घ्यायचा आणि कामावर पोचल्यावर बदलायचा, हा त्यांचा परिपाठ होता. अशा रीतीने आठवड्याला शंभर मैलांपर्यंत धावणे होई. त्या काळच्या मानाने हे प्रमाण अचाट होते. त्यांची धाव दिसायला मुळीच डौलदार नव्हती. पाऊल सपाट टाकीत, घसटत चालल्यासारखे ते पळत.

हृदयविकाराचे निदान आणि पहिला विजय

१९१० मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, डेमार बोस्टनच्या शर्यतीत प्रथमच उतरले आणि कॅनडाच्या फ्रेड कॅमेरॉन यांच्यामागे दुसरे आले. पुढील वर्षी शर्यतीपूर्वीच्या वैद्यकीय तपासणीत त्यांच्या हृदयातून अस्वाभाविक आवाज ऐकू येत असल्याचे डॉक्टरांना आढळले. थकवा वाटताच शर्यत सोडावी आणि ही आपली शेवटची शर्यत समजावी, असा सल्ला त्यांना देण्यात आला. त्या काळी अतिश्रमाने खेळाडूचे हृदय वाढते व निकामी होते, असे अनेक वैद्य मानीत असत. अशा सल्ल्यानंतर तासाभरात दुसरा कोणी घरी परतला असता. डेमार धावले आणि जिंकले. त्यांनी २ तास २१ मिनिटे ३९ सेकंद एवढा वेळ घेतला. टॉम लाँगबोट यांचा १९०७ मधील विक्रम त्यांनी पावणेतीन मिनिटांनी मोडला.

या विजयामुळे त्यांची १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकसाठी निवड झाली. तेथील अनुभव कडू ठरला. संघाच्या प्रशिक्षकांनी सर्व धावपटूंना एकाच साच्यात घालून सराव करविला, असा डेमार यांचा आक्षेप होता. स्वतःच्या शरीराचे ऐकून धावणाऱ्या माणसाला तो जाच वाटला. शर्यतीच्या दिवशी भयंकर ऊन होते. निम्म्याच्या आसपास स्पर्धकांनी वाटेतच शर्यत सोडली. पोर्तुगालचे फ्रान्सिस्को लाझारो हे रस्त्यात कोसळले आणि दुसऱ्या दिवशी मरण पावले. डेमार बारावे आले.

यानंतर डेमार यांनी मोठ्या शर्यतींकडे पाठ फिरविली. डॉक्टरांचा इशारा, त्यात डोळ्यांसमोर घडलेला हा मृत्यू, नोकरी आणि रात्रीचा अभ्यास अशी अनेक कारणे त्यामागे होती. शिवाय ते श्रद्धाळू होते. रविवारच्या धर्मशाळेत मुलांना शिकवीत आणि मेलरोझ या गावी बालवीरांचे पथक चालवीत. इतरांना हरविण्यात अहंकार तर नाही ना, हा प्रश्नही त्यांना सतावीत होता. १९१७ मध्ये ते पुन्हा बोस्टनला धावून तिसरे आले, पण सलगपणे शर्यतीत उतरण्यास आणखी काही वर्षे जावी लागली. धावपटूच्या ऐन उमेदीची मानली जाणारी वर्षे अशी निघून गेली. या काळात ते किती विजयांना मुकले याचा हिशेब पुढे अनेकांनी मांडला. त्यांच्या नंतरच्या आयुष्याकडे पाहता या विश्रांतीने त्यांचे नुकसानच झाले, असे मात्र छातीठोकपणे म्हणता येत नाही.

पुनरागमन

१९२२ मध्ये तेहतीस वर्षांचे डेमार पुन्हा जिंकले. त्यांनी २ तास १८ मिनिटे १० सेकंदांत शर्यत संपविली आणि जुन्या मार्गावरील नवा विक्रम केला. १९२३ आणि १९२४ मध्येही तेच पहिले आले. १९२४ ची शर्यत ऑलिंपिकची निवड चाचणीही होती. त्या जुलैत पॅरिस येथे फिनलंडचे अल्बिन स्टेनरूस पहिले, इटलीचे रोमेओ बेर्तिनी दुसरे आणि डेमार तिसरे आले. पस्तिशी ओलांडलेल्या जुळाऱ्याने ऑलिंपिक पदक मिळविल्याने वर्तमानपत्रांत ते मॅरेथॉनचे समानार्थी नाव बनले. त्यांच्या आडनावाशी खेळून त्यांना ‘डेमॅरेथॉन’ म्हटले जाऊ लागले.

लोकप्रियता त्यांना पेलवत नसे. प्रेक्षक प्रेमापोटी अंगावर पाणी फेकीत, पाठीवर थाप मारीत, धावता धावता स्वाक्षरी मागीत. डेमार यांचा संताप होई आणि क्वचित ते हातही उगारीत. अबोल, फटकळ आणि तिरसट अशीच त्यांची प्रतिमा बोस्टनच्या पत्रकारांत होती. मात्र वीस मैलांनंतर ज्याच्या अंगावर अनपेक्षितपणे गार पाण्याची बादली रिकामी झाली असेल, त्याला हा राग समजू शकेल.

१९२५ मध्ये ते चक मेलर यांच्यामागे दुसरे आणि १९२६ मध्ये तिसरे आले. १९२६ च्या शर्यतीत कॅनडाच्या नोव्हा स्कोशिया प्रांतातील जॉनी माइल्स या एकोणीस-वीस वर्षांच्या अज्ञात मुलाने स्टेनरूस आणि डेमार या दोघांना मागे टाकले. नंतर मार्गाची पुन्हा मोजणी झाली, तेव्हा तो १७६ यार्ड, म्हणजे सुमारे १६० मीटर कमी भरला. १९२७ पासून शर्यत पूर्ण अंतराची झाली. त्या वर्षी उकाडा असा होता की रस्त्यावरचे डांबर मऊ झाले. माइल्स यांच्या बुटांचे तळ हलके व्हावेत म्हणून त्यांच्या वडिलांनी ते तासून पातळ केले होते. तापल्या रस्त्यावर त्यांचे पाय रक्तबंबाळ झाले आणि त्यांना सुरुवातीच्या काही मैलांतच थांबावे लागले. डेमार मात्र २ तास ४० मिनिटे २२ सेकंदांत पहिले आले. १९२८ मध्ये ते पुन्हा जिंकले. १९३० मध्ये, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी, त्यांनी सातवा विजय मिळविला. बोस्टनच्या शर्यतीचा एवढ्या वयाचा विजेता त्यानंतर झालेला नाही.

अध्यापन आणि लेखन

१९२९ च्या सुमारास डेमार न्यू हॅम्पशायर राज्यातील कीन येथील अध्यापक विद्यालयात मुद्रणकला शिकवू लागले. तेथे त्यांनी सुमारे दशकभर काम केले. १९३७ मध्ये ‘मॅरेथॉन’ हे त्यांचे आत्मचरित्र व्हरमाँटमधील ब्रॅटलबरो येथून प्रसिद्ध झाले. धावपटूने स्वतःच्या हाताने लिहिलेल्या सुरुवातीच्या पुस्तकांत त्याची गणना होते. पुस्तकात आत्मगौरव थोडा आणि तक्रारी पुष्कळ आहेत. आपले हृदय सदोष ठरविणारा डॉक्टर पुढे स्वतःच हृदयविकाराने गेला, तेव्हा त्याने चुकून आपल्याच हृदयाचे ठोके ऐकले असावेत, अशी मिश्कील शंकाही त्यात आहे.

जिंकण्याची शक्यता संपल्यावरही त्यांनी धावणे थांबविले नाही. १९३८ मध्ये पन्नाशीला टेकलेले डेमार बोस्टनला सातवे आले. १९५४ मध्ये पासष्टाव्या वर्षी ते तेथे शेवटचे धावले. पहिल्या क्रमांकाची सवय असलेल्या माणसाला गर्दीत मागे धावणे सहसा जमत नाही. डेमार यांना त्यात कमीपणा वाटला नाही. शंभरापेक्षा अधिक मॅरेथॉन आणि लहानमोठ्या सुमारे हजार शर्यती ते धावले, असे मानले जाते.

मृत्यू आणि हृदयाची तपासणी

डेमार यांच्या शरीराकडे शास्त्रज्ञांचे लक्ष पूर्वीच गेले होते. १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात हार्वर्ड विद्यापीठातील संशोधकांनी त्यांना प्रयोगशाळेतील फिरत्या पट्ट्यावर धावविले होते. इतरांच्या रक्तात श्रमाने लॅक्टिक आम्ल भराभर साठत असताना डेमार यांच्या रक्तात ते जेमतेम वाढले. असे का व्हावे, या प्रश्नातून व्यायामाच्या शरीरक्रियाशास्त्राला चालना मिळाली.

अखेरच्या वर्षांत त्यांना कर्करोग झाला. शस्त्रक्रियेनंतरही १९५७ मध्ये मेन राज्यातील बाथ येथे ते १५ किलोमीटरची शर्यत धावले. ११ जून १९५८ रोजी मॅसॅच्युसेट्समधील रीडिंग येथे त्यांचे निधन झाले. बोस्टनचे ख्यातनाम हृदयरोगतज्ज्ञ पॉल डडली व्हाइट आणि त्यांचे सहकारी जेम्स करन्स यांनी शवविच्छेदनातील निष्कर्ष १९६१ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या नियतकालिकात प्रसिद्ध केले. डेमार यांच्या हृदयाला रक्त पुरविणाऱ्या धमन्या सर्वसामान्य माणसाच्या तुलनेत दोन ते तीन पट रुंद होत्या. वयोमानानुसार त्यांत चरबीचे थर थोडेफार जमले होते, पण रक्तप्रवाहाला अडथळा होईल असे ते नव्हते. पन्नास वर्षांच्या धावण्याने हृदयाला इजा झाल्याची खूण कोठेही आढळली नाही. धमन्या जन्मतःच रुंद होत्या की धावण्याने झाल्या, हे एका माणसाच्या तपासणीतून ठरविता येत नाही. परंतु दीर्घ धाव निरोगी हृदय बिघडवते ही जुनी समजूत त्यानंतर मागे पडत गेली. पुढील दोन दशकांत हजारो सामान्य माणसे शहरांच्या रस्त्यांवर मॅरेथॉन धावू लागली, तेव्हा हा अहवाल डॉक्टरांकडून वारंवार आधाराला घेतला जाई.

कीन येथे १९७८ पासून त्यांच्या नावाने मॅरेथॉन भरविली जाते. ती गिल्सम या लहानशा गावातून निघून डेमार जेथे मुद्रणकला शिकवीत त्या कीन शहरात संपते.