शस्त्रवैद्य सर व्हिक्टर हॉर्स्ले

आपल्या पाठीच्या कण्यातील मणके एकावर एक रचलेले असून त्यांच्या पोकळीतून करंगळीएवढ्या जाडीची एक नाजूक दोरी खाली उतरते. तिला मज्जारज्जू म्हणतात. मेंदूच्या आज्ञा हातापायांना पोचतात त्या हिच्याच द्वारे. या अस्थिमय नळीत जागा बेताचीच. तेथे एखादी गाठ वाढू लागली, मग ती कर्करोगाची नसली तरीही, रज्जू चेपत जातो आणि पाय लुळे पडतात. अशा गाठी विरळाच. परंतु ज्याला ती होई त्याचा मृत्यू एके काळी ठरलेलाच असे. रज्जूच्या आवरणाआड दडलेली अशी गाठ प्रथम यशस्वीपणे काढणाऱ्या पुरुषाचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात देत आहोत.

व्हिक्टर हॉर्स्ले यांचा जन्म १४ एप्रिल १८५७ रोजी लंडन येथे झाला. वडील नामांकित चित्रकार होते. त्याच दिवशी राणी व्हिक्टोरियाला कन्या झाली, म्हणून राणीच्या संमतीने मुलाचे नाव व्हिक्टर ठेविले गेले. वैद्यकाचे शिक्षण घेत असता भुलीच्या औषधांचा परिणाम पाहण्यासाठी या तरुणाने ती वारंवार स्वतःवरच वापरून पाहिली. आमच्या विद्यार्थ्यांनी याचे अनुकरण करू नये, हे सांगणे न लगे! १८८६ मध्ये लंडनच्या क्वीन स्क्वेअरमधील पक्षाघात व अपस्मार यांच्या रुग्णालयात त्यांची शस्त्रवैद्य म्हणून नेमणूक झाली.

पुढल्याच वर्षी बेचाळीस वर्षांचा एक सैनिकी अधिकारी उपचारार्थ आला. सुमारे तीन वर्षे पाठीत, डाव्या खांद्याच्या फऱ्याखाली, त्याला असह्य कळा येत. अनेक वैद्य झाले, अनेक निदाने झाली. शेवटी दोन्ही पाय निकामी झाले. तेव्हा क्ष-किरणांचा शोधही लागावयाचा होता. कण्याच्या आत पाहण्याचे साधनच नव्हते. विल्यम गॉवर्स या थोर वैद्याने केवळ लक्षणांवरून विचार केला. कळ कोणत्या पट्ट्यात येते आणि शरीराची बधिरता कोठपर्यंत चढली आहे, हे पाहून कोणत्या मज्जातंतूवर दाब येत असावा हे त्यांनी ताडले. रज्जूवर गाठ आहे असे ठरवून त्यांनी हॉर्स्ले यांना बोलाविले.

९ जून १८८७ रोजी शस्त्रक्रिया झाली. हॉर्स्ले यांनी मणक्यांच्या मागील कमानी कापून रज्जू उघडा केला. पण गाठ दिसेना. निदान चुकले की काय? येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. पाठीत मज्जातंतू रज्जूपासून जेथे निघतो तेथेच मणक्यांबाहेर पडत नाही. तो आत काही अंतर खाली उतरून मग बाहेर येतो. साहजिकच दुखण्याचे मूळ दुखण्याच्या जागेहून वर असते. सहकारी चार्ल्स बॅलन्स यांनी आणखी वर पाहण्याचा आग्रह धरिला. हॉर्स्ले यांनी वरची आणखी एक कमान काढली, आणि बदामाच्या आकाराची गाठ दृष्टीस पडली! ती रज्जूला इजा न होता निघाली. रोगी हळूहळू चालू लागला, पुढे कामावर रुजू झाला. त्या गाठीने त्याला पुन्हा कधी छळले नाही. शस्त्रवैद्याचे वय त्या वेळी अवघे तीस होते.

आज एमआरआयच्या चित्रात अशी गाठ शस्त्रक्रियेपूर्वीच दिसते व सूक्ष्मदर्शकाखाली ती सोडविता येते. तरी सुन्नपणा कोठवर चढला आहे हे वैद्य आजही हाताने तपासतात.

हॉर्स्ले यांना १९०२ मध्ये 'सर' हा किताब मिळाला. मद्यपानाचे ते कट्टर विरोधक आणि स्त्रियांच्या मताधिकाराचे पुरस्कर्ते होते. मतभेद झाल्यास माघार घेणे त्यांच्या स्वभावात नव्हते, आणि त्यामुळे त्यांनी पुष्कळ शत्रू जोडले. पहिल्या महायुद्धात, वयाची साठी जवळ आली असता, ते आपण होऊन मेसोपोटेमियाच्या आघाडीवर गेले. तेथे २९ एप्रिल १९१६ रोजी कूत येथे पुणे डिव्हिजनने शरणागती पत्करली होती. तीत आपल्या मराठा पलटणीही होत्या. जखमी सैनिकांची तेथे होणारी आबाळ पाहून हॉर्स्ले संतापले व तिच्याविरुद्ध त्यांनी कडक शब्दांत लिहिले. उन्हाळा भयंकर होता. १६ जुलै १९१६ रोजी अमारा येथे उष्माघाताने त्यांचा अंत झाला, आणि तेथील सैनिकांच्या दफनभूमीतच त्यांना पुरण्यात आले.